एका दिवसाचा ओमर

प्रिय मुली,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझ्या पत्रात दोन गोष्टी आहेत. तरुण संघात चार रविवार, मिसरातून सुटल्यावर इस्राएल लोकांनी रानातून केलेल्या प्रवासावर अभ्यास घ्यायचाय, तो कसा बसवावा ही एक. दुसरी तू अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून लिहिलीस: गेले काही महिने प्रार्थना कोरडी जाते आणि ‘माझं रान कधी संपणार’ असं वाटत राहतं. खरा प्रश्न हा दुसराच आहे. तरी सुरुवात पहिल्यापासून करतो, कारण रान नीट वाचलं नाही तर स्वतःच्या रानाविषयीही माणूस चुकीचं बोलतो.

‘11 दिवसांच्या वाटेला कुरकुरीमुळे 40 वर्षं लागली’ असं पहिल्या रविवारी फळ्यावर लिहायचा तुझा विचार आहे. लिहू नकोस. व्यासपीठावरून हे वाक्य इतकं ऐकू येतं की ते शास्त्रातलंच वाटतं. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकातले (1:2) 11 दिवस होरेबपासून, म्हणजे सीनायपासून, कादेश-बर्ण्यापर्यंतचे आहेत, मिसरापासूनचे नाहीत. आणि तेवढी वाट लोकांनी कापली होती. दुसऱ्या वर्षीच ते कादेशला, म्हणजे वचन दिलेल्या देशाच्या उंबऱ्याशी, येऊन पोचले होते. खोळंबा झाला तो उंबऱ्यावर.

फळ्यावर लिहायचंच असेल तर तारखा लिही. पहिल्या महिन्याच्या 15 तारखेला रामसेस सोडलं (गणना 33:3). बरोबर महिन्यानं सीन रान, आणि तिथं मान्ना, म्हणजे रोज सकाळी आकाशातून पडणारं अन्न, सुरू झाला. तिसऱ्या महिन्यात सीनाय. तिथून त्यांना वाट दाखवणारा मेघ हलला तो दुसऱ्या वर्षीच्या दुसऱ्या महिन्याच्या 20 तारखेला. म्हणजे जवळजवळ वर्षभर एका डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम, आणि तो शिक्षेचा मुक्काम नव्हता. नियमशास्त्र मिळालं, निवासमंडप उभा राहिला, गणती झाली, ते याच काळात. मग कादेश, देश पाहायला धाडलेले 12 हेर, त्यांचा अहवाल ऐकून लोकांनी केलेलं बंड, आणि ती पिढी देशात जाणार नाही ही शिक्षा. त्यानंतर जेरेद ओहोळ ओलांडेपर्यंत 38 वर्षं (अनुवाद 2:14). चाळिसाव्या वर्षीच्या पाचव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी पुढारी मोशेचा भाऊ अहरोन होर पर्वतावर वारला. अकराव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी मोशेनं मवाबात अनुवादातलं भाषण सुरू केलं. पुढच्या वर्षीच्या पहिल्या महिन्याच्या 10 तारखेला लोक यार्देनेपलीकडे होते (यहोशवा 4:19).

आता गणना 33 उघड. मुक्कामांची ती यादी बहुतेक जण पानं उलटून पुढे जातात. तिथे 42 तळ आहेत. राशी नावाच्या मध्ययुगीन यहुदी भाष्यकारानं त्यांची वाटणी करून दाखवली आहे: 14 तळ पहिल्या वर्षातले, 8 अहरोनाच्या मृत्यूनंतरचे, म्हणजे मधल्या 38 वर्षांच्या वाट्याला अवघे 20. सरासरी काढलीस तर एकेका तळावर दोन दोन वर्षं येतात. आपण ‘भटकंती’ म्हणतो, पण त्यातली बहुतेक वर्षं तंबू ठोकून बसण्यात गेली. आणि त्या बसून काढलेल्या वर्षांबद्दल गणना जवळपास काही सांगत नाही. चौदाव्या अध्यायातून विसाव्यात येईपर्यंत काही नियम, कोरहाचं बंड, अहरोनाच्या काठीला आलेली बदामाची फुलं, आणि एकदम मोशेची बहीण मिर्याम हिच्या मृत्यूची ओवी (वचन). रोज सकाळी काय झालं असेल हे मात्र आपल्याला ठाऊक आहे, कारण निर्गम 16:35 सांगतं की वस्तीच्या देशात येईपर्यंत 40 वर्षं त्यांनी मान्ना खाल्ला.

म्हणून चारांपैकी दोन रविवार मान्नालाच दे. तुझ्या ताज्या कलमाचं उत्तरही तिथंच आहे.

माप नीट समजून घे. माणशी एक ओमर. ओमर म्हणजे एफाचा दहावा भाग, साधारण दोन लिटरचं भांडं. कुणी जास्त गोळा केलं, कुणी कमी, पण मापून पाहिलं तेव्हा कुणाचं उरलं नाही आणि कुणाला तोटा पडला नाही. सकाळपर्यंत ठेवलं त्यात किडे पडले आणि घाण सुटली. ऊन तापलं की जमिनीवर राहिलेलं वितळून जाई. सहाव्या दिवशी दोन ओमर, आणि तेवढं मात्र रात्रभर टिकलं. सातव्या दिवशी काही जण तरीही टोपली घेऊन गेले आणि हात हलवत परतले. (त्या सातव्या दिवसाची खूण आपल्या कोकणातही आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएल यहुदी तेल्यांना गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत. 1874 साली पुण्यात छापलेल्या त्यांच्या हग्गादात (वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पोथीत) मिसरातून सुटकेची ही हकिगत हिब्रूसोबत मराठीतही आहे. तरुणांना हे सांग, रान एकदम जवळचं वाटेल.)

एक बारकावा बहुतेक अभ्यासांत सुटतो. मान्ना आयती भाकरी नव्हती. गणना 11:8 पाहा: लोक तो गोळा करत, जात्यात दळत किंवा उखळीत कांडत, भांड्यात शिजवत आणि मग त्याच्या पोळ्या करत. आकाशातून पडे तो धण्यासारखा दाणा. दळायचं काम तंबूतल्या माणसाचं.

आता तुझी कोरडी प्रार्थना. वर्षभरात बायबल पूर्ण करायचा तक्ता तू लावलायस, त्यात 9 दिवस बुडाले, आणि आता रोज बसलीस की आधी त्या 9 दिवसांचे अध्याय डोळ्यांसमोर येतात. हा कालचा ओमर आहे. कालचा मान्ना आज गोळा करायची सोय रानात नव्हती. काल बाहेर गेली नाहीस, तर काल उपाशी राहिलीस, झालं. आज जमिनीवर पडलंय ते आजचं आहे. त्या 9 दिवसांवर सरळ रेघ मार. तक्ता बिघडेल, बिघडू दे.

मग माप ठरव. 8 ते 10 ओव्या, त्याहून जास्त नाही. एखादा प्रसंग 12 ओव्यांचा असेल तर 12, पण अध्यायच्या अध्याय नको. दोनदा मोठ्यानं वाच. ‘मान्ना’ या नावातच ‘हे काय?’ हा प्रश्न आहे, तो वहीत एका ओळीत उतरव: या ओव्यांत मला न कळलेलं काय आहे? उत्तर लिहायची घाई करू नकोस. दिवसभर काम करताना तो प्रश्न जात्यात घाल. रात्री दोन ओळींची प्रार्थना त्याच प्रश्नाभोवती. एवढंच. याला 15 मिनिटं लागतात. तासभर बसायचा निश्चय करशील तर चौथ्या दिवशी मोडेल, आणि मोडल्याचं ओझं घेऊन पाचव्या दिवशी बसणं आणखी जड जाईल. ऊन तापायच्या आधी बस, म्हणजे मोबाइल उघडायच्या आधी. सकाळी साडेसहाची लोकल असेल तर लोकलमध्ये, पण छापलेली प्रत घेऊन. आणि आठवड्यातून एक दिवस नवं काही गोळा करू नकोस. आधीच्या दिवशी जे दळलं तेच त्या दिवशी खा, म्हणजे पुन्हा वाच.

यात बिघडतं कुठे तेही सांगतो. आठ-दहा दिवसांनी एखाद्या सकाळी फार गोड वाटेल, डोळे भरून येतील. दुसऱ्या दिवशी तीच चव पुन्हा शोधशील आणि मिळणार नाही. तिथं माणसं पद्धत बदलतात, नवं पुस्तक आणतात, नवा वक्ता ऐकतात. तू माप बदलू नकोस. मान्नाची चव निर्गमात मधाच्या पोळीसारखी आहे आणि गणनेत ताज्या तेलासारखी, आणि तोच मान्ना खाऊन लोकांनी म्हटलं की आमचा जीव सुकून गेलाय. 40 वर्षांत कंटाळा येणार नाही असं वचन त्यांना कुणी दिलं नव्हतं.

याच्या उलट टोकाला लावे पक्षी आहेत. मांस हवं म्हणून लोक रडले, वाऱ्यानं लावे आणले, आणि लोकांनी तो सारा दिवस, सारी रात्र आणि दुसरा दिवस गोळा करण्यात घालवला. ज्यानं सर्वांत कमी गोळा केले त्याचे 10 होमर भरले. होमर हे वेगळं माप आहे: 10 एफांचा एक होमर, 10 ओमरांचा एक एफा. म्हणजे सर्वांत कमी मिळवणाऱ्याकडेही 1000 ओमर मांस होतं. त्या जागेचं नाव किब्रोथ-हत्तव्वा पडलं, वासनेची थडगी. हा हिशेब तरुणांकडून फळ्यावर करून घे. सांगण्यापेक्षा गुणाकाराचा परिणाम जास्त होतो.

कुरकुरीवर एक रविवार लागेलच, पण ‘तक्रार करू नका’ एवढ्यावर तो संपवू नकोस. निर्गमात 15 ते 17 या अध्यायांत लोक तीनदा कुरकुर करतात: मारा इथं पाणी कडू म्हणून, सीन रानात भूक लागली म्हणून, रफीदीमात पाणी नाही म्हणून. तिन्ही वेळा शिक्षा नाही. पाणी गोड होतं, मान्ना पडतो, खडक फुटतो. तीन दिवस पाण्याविना चाललेल्या माणसाला तहान लागणारच. सीनायनंतर मात्र तबेरापासून शिक्षा सुरू होते. मधे वर्षभराची ओळख झालेली असते, हे एक. दुसरं, मागणं बदललेलं असतं. गणना 11 मध्ये आठवण निघते ती मिसरातल्या माशांची, काकड्यांची, खरबुजांची, कांद्या-लसणाची, आणि त्या ओवीतला खरा शब्द आहे ‘फुकट’. विटा थापणाऱ्या गुलामांना मासे फुकट मिळत होते म्हणे! मनाला नको झालेला आजचा दिवस ढकलून द्यायचा असला की ते कालचा असा खोटा हिशेब मांडतं.

त्याच अध्यायात मोशेचं बोलणंही वाच. या लोकांना मी पोटात वाढवलं काय, मला हे ओझं पेलत नाही, असंच वागायचं असेल तर मला मारूनच टाक, असं तो देवाला म्हणतो. लोकांच्या कुरकुरीपेक्षा हे शब्द कडक आहेत. पण तो ते देवाशी बोलतो, देवाबद्दल तंबूच्या दारात बसून नाही. त्याला रागावणं मिळत नाही, 70 वडील मदतीला मिळतात. म्हणून तुझी तक्रार दाबू नकोस. तीन ओळी लिही: मला काय हवंय, ते पाण्यासारखं आहे की काकडीसारखं, आणि हे मी आजवर देवाला सांगितलं की फक्त मैत्रिणींना. तिसऱ्या ओळीपाशी बहुतेकांची लेखणी थांबते.

नव्या नोकरीबद्दलही तू ओघात ‘मेघ हलेपर्यंत थांबते’ असं लिहिलंस. गणना 9 मध्ये मेघ कधी दोन दिवस, कधी महिना, कधी त्याहून जास्त थांबायचा, हे खरं. पण लगेच पुढच्या अध्यायात मोशे सासरच्या होबाबला गळ घालतो: आमच्याबरोबर चल, रानात तळ कुठे द्यायचा हे तुला ठाऊक आहे, तू आमचे डोळे हो. डोक्यावर मेघस्तंभ आहे. स्वतः मोशेनं याच भागात सासऱ्याची मेंढरं राखलेली आहेत. तरी तो स्थानिक माणसाला विचारतो. तेव्हा त्या कंपनीत काम केलेलं कुणी ओळखीचं असेल तर फोन कर. पगार, कामाचे तास, रविवारची सुट्टी विचार. यात विश्वास कमी पडत नाही.

कादेशचा भाग सांगताना हेरांना मूर्ख ठरवू नकोस. 40 दिवस ते देश फिरले, अष्कोल खोऱ्यातला द्राक्षांचा घड दोघांनी काठीवर वाहून आणला, सोबत डाळिंबं आणि अंजिरं. नगरं तटबंदीची आहेत, लोक धिप्पाड आहेत, हेही खरंच होतं. गाडं घसरलं ते शेवटच्या वाक्यात: आम्ही आमच्याच नजरेत टोळांसारखे होतो, आणि त्यांच्याही नजरेत तसेच. त्यांच्या नजरेत आपण काय आहोत हे यांनी विचारलं कधी? आपल्या मनातलं दुसऱ्याच्या डोळ्यांत घालून त्यांनी अहवाल दिला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं सोडू नकोस. शिक्षा ऐकल्यावर लोक रडले, पहाटे उठले आणि म्हणाले, आम्ही चुकलो, आता चढून जातो. मोशे नको म्हणाला, देवाच्या कराराचा कोश छावणीतून हलला नाही, तरी ते गेले आणि हर्मापर्यंत मार खात मागे आले. काल जे करायचं होतं ते आज जोरानं केलं की भरपाई होईल, ही समजूत तरुणांत फार असते. वर्षभर प्रार्थना टाळली म्हणून तीन दिवसांचा कडक उपास धरायचा, आईशी भांडलं म्हणून पुढच्या पगाराचं सगळं तिच्या हातात ठेवायचं. हर्मा इथं चुकलं ते पश्चात्तापात नव्हे. काल पाठ फिरवली तेव्हाही ते आपल्याच मनानं वागले, आज चढले तेव्हाही. त्या सकाळी करण्यासारखं काम एकच होतं: टोपली घेऊन दाण्याला जाणं. कारण मान्ना त्या दिवशीही पडला होता. पुढची 38 वर्षंही पडला. नहेम्या 9 मध्ये लेवी प्रार्थनेत हेच म्हणतात, की पूजेसाठी सोन्याचं वासरू ओतलं तरी तू त्यांच्या तोंडचा मान्ना काढून घेतला नाहीस.

आता एक ताकीद, आणि ही मनावर घे. संघात कुणाचं लग्न मोडलं असेल, कुणाच्या घरी वर्षानुवर्षांचं आजारपण असेल, कुणाला नोकरी लागत नसेल. ‘कुरकुर केली म्हणून रान लांबलं’ हे वाक्य त्यांच्यासमोर चुकूनही येऊ देऊ नकोस. रानात कोण कोण होतं ते मोज. 20 वर्षांखालची सगळी मुलं होती. गणना 14:33 म्हणतं, तुमची मुलं 40 वर्षं रानात फिरतील आणि तुमच्या बेइमानीचं फळ भोगतील. रानातच जन्मलेली पिढी होती, तिनं मिसर कधी पाहिलंच नव्हतं. आणि 12 हेरांपैकी कालेब होता. 40 व्या वर्षी त्यानं खरा अहवाल दिला, त्याबद्दल दगडमार होता होता वाचला, आणि तरीही बंड करणाऱ्यांच्या शेजारी तंबू ठोकून त्यानं ती सगळी वर्षं काढली. डोंगराळ मुलूख मागताना त्याचं वय 85 होतं (यहोशवा 14). त्याच्या रानाचं कारण त्याच्यात शोधशील तर सापडणार नाही. तुझ्या कोरडेपणाचं कारणही मी शोधत बसलो नाही, ते याचसाठी.

पुढारपण करणार आहेस म्हणून गणना 20 थोडक्यात. रफीदीमात देव म्हणाला होता खडकावर काठी मार. कादेशला म्हणाला खडकाशी बोल. मोशेनं लोकांना चार कडक शब्द सुनावले आणि दोनदा काठी मारली. पाणी भरपूर आलं. तरी याच गोष्टीमुळे तो देशात गेला नाही. तुझ्या अभ्यासाला मुलं रडली, टाळ्या पडल्या, तर पाणी आलं एवढंच म्हण. तू सांगितल्याप्रमाणे वागलीस की नाही ते त्यावरून कळत नाही. तसाच पितळेचा साप. रानात त्याच्याकडे पाहून माणसं वाचली, येशूनं योहान 3 मध्ये स्वतःची तुलना त्याच्याशी केली, पण मधल्या काळात लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले आणि हिज्कीया राजाला तो फोडावा लागला (2 राजे 18:4). तुला आज सांगितलेली 15 मिनिटांची पद्धतही कधीतरी अशीच फोडावी लागेल. तेव्हा हळहळू नकोस.

अभ्यासाला दोन भाषांतरं जवळ ठेव. एक तुमच्या मंडळीत वाचतात ते, आणि दुसरं मिळालं तर पंडिता रमाबाईंचं; त्यांनी ते मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलं आहे. नकाशा दाखवायचा असेल तर ‘हा एक अंदाज’ असं म्हणून दाखव. सीनाय पर्वत नेमका कोणता यावरही अभ्यासकांत एकमत नाही. आणि चौथ्या रविवारी मत्तय 4 वाच. 40 दिवस रानात राहिलेला येशू सैतानाला जी तीन उत्तरं देतो ती तिन्ही अनुवादाच्या 6 आणि 8 या अध्यायांतली आहेत, म्हणजे मवाबात मोशेनं मागे वळून रानाबद्दल जे सांगितलं त्यातली. भाकरीचं वाक्य मान्नाबद्दलचंच आहे.

रान कधी संपणार हे तू विचारलंस. त्यांचं संपलं ते असं: यार्देन ओलांडल्यावर त्यांनी वल्हांडण, म्हणजे मिसरातून सुटकेचा सण, पाळला, दुसऱ्या दिवशी त्या देशाचं धान्य खाल्लं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मान्ना थांबला (यहोशवा 5:12). कर्णा वाजला नाही. सकाळी कुणीतरी सवयीनं टोपली घेऊन बाहेर गेलं असेल आणि जमीन कोरडी पाहून परत आलं असेल.

उद्या सकाळी निर्गम 15, ओव्या 22 ते 27. मारा इथलं कडू पाणी, आणि मग एलीम, 12 झरे, 70 खजुरीची झाडं. सहाच ओव्या आहेत. सोळावा अध्याय परवा.

प्रभूमध्ये तुझा,
काका